खाणारी तोंडं, राबणारे हात

१८७७ साली लंडनच्या कोर्टात एका पुस्तिकेवर खटला उभा राहिला. गर्भधारणा कशी टाळावी हे सांगणारी ती छोटी पुस्तिका चार्ल्स नोल्टन नावाच्या अमेरिकन डॉक्टरने लिहिलेली होती. ती पुन्हा छापून सहा पेन्सला विकल्याबद्दल चार्ल्स ब्रॅडलॉ आणि २९ वर्षांच्या ॲनी बेझंट यांच्यावर अश्लीलतेचा आरोप होता. गरीब बायकांना एकामागून एक बाळंतपणं सोसावी लागतात आणि त्यांना ती टाळण्याची माहिती मिळाली पाहिजे, एवढंच त्या दोघांचं म्हणणं होतं. ज्यूरीने त्यांना दोषी ठरवलं. शिक्षा पुढे तांत्रिक मुद्द्यावर रद्द झाली. पण दुसऱ्या वर्षी कोर्टाने बेझंटबाईंची मुलगी त्यांच्या ताब्यातून काढून घेतली. याच ॲनी बेझंट पुढे भारतात आल्या आणि १९१७ साली काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या.

त्याच वर्षी दख्खनमध्ये दुष्काळ होता. पुणे, नगर, सोलापूर या पट्ट्यातली माणसं खडी फोडायला आणि माती उपसायला सरकारी कामांवर आली होती. व्हाइसरॉय लिटनने सर रिचर्ड टेंपल यांना खर्चाला आळा घालण्यासाठी पाठवलं. टेंपलनी मजुरी खाली आणली. दिवसभर राबणाऱ्या पुरुषाला एक पौंड धान्य, म्हणजे अर्धा किलोहून कमी, आणि वर एक आणा. बायकांना आणि मुलांना त्याहून कमी. मजुरांनी कामावर बहिष्कार टाकला आणि पुणे सार्वजनिक सभेने सरकारकडे अर्जविनंत्या केल्या. एप्रिलमध्ये सावित्रीबाई फुल्यांनी जुन्नर भागातून जोतीरावांना पाठवलेल्या पत्रात या दुष्काळाचे हाल लिहिले आहेत. आणि देशातून गहू बोटीत भरून इंग्लंडला जातच होता.

लिटनचं यावर म्हणणं काय होतं? हिंदुस्थानातली लोकसंख्या जमिनीतून निघणाऱ्या अन्नापेक्षा वेगाने वाढते, असं त्यांनी त्याच वर्षी मांडलं. म्हणजे उपाशी मरणाऱ्यांचा दोष उपाशी मरणाऱ्यांवरच. त्यांची संख्याच मुळी जास्त. या दुष्काळात सगळ्यात कमी धरणारा अंदाजही ५० लाखांच्या पुढचे मृत्यू सांगतो.

आता दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. १८०१ साली इंग्लंड आणि वेल्सची लोकसंख्या ८९ लाख होती. १९०१ मध्ये ती ३ कोटी २५ लाख झाली, म्हणजे शंभर वर्षांत साडेतीन पटीहून जास्त. आणि हिंदुस्थान? १९११ ते १९२१ या दशकात इथली लोकसंख्या वाढली तर नाहीच, किंचित घटली. त्या आधीच्या पन्नास वर्षांतही ती रडतखडतच वाढली होती. दुष्काळ, प्लेग आणि इन्फ्लुएन्झा जन्मलेल्यांना फार दिवस ठेवतच नव्हते. ज्या देशाची माणसं भराभर वाढत होती, तो देश ज्यांची वाढत नव्हती त्यांना 'तुम्ही फार झालात' असं सांगत होता.

लोकसंख्येवरची चर्चा आजही बरेचदा इथूनच सुरू होते. 'माणसं फार झाली' असं म्हणणारा स्वतःला त्या 'फार'मध्ये कधीच धरत नाही.

पाद्र्याचं गणित

लिटनच्या डोक्यातला हा विचार थॉमस माल्थस या पाद्र्याकडून आलेला होता. १७९८ साली त्याने नाव न घालता एक निबंध छापला. त्यातलं गणित शाळेतल्या मुलालाही कळेल असं आहे. माणसं २, ४, ८, १६ अशी वाढतात आणि अन्न २, ४, ६, ८ असं. दोन्हींमधलं अंतर वाढत जातं आणि शेवटी भूक, रोगराई, युद्ध येऊन हिशेब जुळवतात.

माल्थस मूर्ख नव्हता. त्याच्या काळापर्यंतचा इतिहास पाहिला तर बऱ्याच अंशी तसंच घडत आलं होतं. तेव्हा जगाची लोकसंख्या जेमतेम १०० कोटी होती आणि तिथवर यायला माणसाला हजारो वर्षं लागली होती. गंमत अशी, की हे गणित लागू पडायचं बंद होण्याच्या सुमारासच त्याने ते मांडलं. लोक शेतीत सुधारणा करतील आणि आपणहून कमी मुलं होऊ देतील, या दोन शक्यता त्याच्या हिशेबात नीट बसल्याच नाहीत. गर्भनिरोधनाला तर त्याचा विरोधच होता. उशिरा लग्न करा आणि तोवर संयम पाळा, हा त्याचा उपाय.

पण त्या निबंधातला जो भाग सगळ्यात जास्त वापरला गेला तो वेगळाच होता. गरिबांना मदत केली तर ते आणखी मुलं जन्माला घालतील आणि गरिबी वाढेल. तेव्हा मदत करणं हीच खरी क्रूरता. सत्तेत बसलेल्याला याहून सोयीचं तत्त्वज्ञान कुठे मिळणार? १८०५ साली माल्थस ईस्ट इंडिया कंपनीच्या हेलीबरी इथल्या कॉलेजात प्राध्यापक झाला आणि १८३४ मध्ये मरेपर्यंत तिथेच शिकवत राहिला. हिंदुस्थानावर राज्य करायला येणारे तरुण अधिकारी त्या कॉलेजात तयार होत.

गणिताचा प्राध्यापक

१८७७ च्या त्या दोन गोष्टींतून दोन वाटा फुटतात. एक वाट वरून मोजणाऱ्याची. त्याला गर्दी दिसते. दुसरी वाट त्या गर्दीतल्या एखाद्या बाईला 'तुला काय हवंय?' असं विचारणाऱ्याची. आपल्याकडे ही दुसरी वाट ज्याने धरली तो गणिताचा प्राध्यापक होता.

रघुनाथ धोंडो कर्वे हे महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केलं. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्सने आपलं पहिलं केंद्र उघडलं होतं. म्हणजे या बाबतीत मुंबई लंडनच्या मागे नव्हती. १९२३ साली कर्व्यांचं संततिनियमनावरचं पुस्तक आलं. १९२५ मध्ये याच कामापायी त्यांना विल्सन कॉलेजातली नोकरी सोडावी लागली. १५ जुलै १९२७ ला त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते चालवलं. गावोगावचे वाचक शंका लिहून पाठवत आणि कर्वे त्यांना आडपडदा न ठेवता उत्तरं देत. अश्लीलतेचे खटले झाले, दंड भरावे लागले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरला, २०० रुपये दंड झाला.

कर्व्यांचा मुद्दा देशाच्या लोकसंख्येपासून सुरू होत नव्हता. तो बाईच्या शरीरापासून सुरू होत होता. मूल कधी, किती आणि व्हावं की नाही हे तिला ठरवता आलं पाहिजे, आणि कामसुख हे पाप नाही. त्या काळी या विषयावर बोलणाऱ्या अनेकांना सुप्रजननाचं आकर्षण होतं. ना. सी. फडक्यांसारखे लेखकही त्या अंगाने लिहीत होते. सुप्रजनन म्हणजे 'चांगल्या' लोकांनी मुलं होऊ द्यावीत, 'हिणकस' लोकांनी नाही. मग चांगलं कोण, हिणकस कोण, हे अर्थातच लिहिणाराच ठरवणार! कर्व्यांच्या लेखनातही त्या काळची ही भाषा अधूनमधून डोकावते. पण त्यांचा भर शेवटपर्यंत व्यक्तीच्या मर्जीवर राहिला.

विरोधही किरकोळ नव्हता. डिसेंबर १९३५ मध्ये अमेरिकेतल्या संततिनियमन चळवळीच्या नेत्या मार्गारेट सँगर वर्ध्याला गांधीजींना भेटल्या. गांधीजींना कुटुंब लहान असणं मान्य होतं, पण साधनं मान्य नव्हती. ब्रह्मचर्य पाळा, असं त्यांचं म्हणणं. सँगर आपल्या मतावर ठाम, गांधीजी आपल्या.

तीन वर्षांनी, नोव्हेंबर १९३८ मध्ये, मुंबई कायदेमंडळात संततिनियमनाचा प्रसार सरकारने करावा असा ठराव आला. तो आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी मांडला. आंबेडकरांनी तयार केलेलं भाषण त्यांनी सभागृहात वाचलं. त्यातला एक युक्तिवाद आजही तितकाच टोकदार आहे: बाळंतपणाच्या कळा पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या तर एकाहून जास्त मुलाला कुणी तयार झाला नसता. ठराव पडला.

शब्द बदलत गेले

१९५२ साली भारताने राष्ट्रीय कुटुंबनियोजन कार्यक्रम हाती घेतला. असा सरकारी कार्यक्रम सुरू करणारा हा जगातला पहिला देश. त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईत आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि तीत कुटुंबनियोजनाची जागतिक संघटना स्थापन झाली. कर्वे पुढच्या वर्षी वारले. ज्या गोष्टीसाठी त्यांनी नोकरी गमावली ती आता सरकारी धोरण झाली होती. वरवर पाहता हा त्यांचा विजयच.

पण मराठीतले शब्द कसे बदलत गेले ते बघा. कर्वे 'संततिनियमन' म्हणत. नियमन माणूस स्वतःचं स्वतः करतो. मग 'कुटुंबनियोजन' आलं. पंचवार्षिक नियोजनाच्या काळातला हा शब्द. त्यात घरातल्या दोघांच्या शेजारी योजना आखणारा अधिकारीही येऊन बसतो. मग 'लोकसंख्या नियंत्रण'. इथे घर गेलं, बाई गेली, उरली फक्त संख्या. आणि शेवटी 'नसबंदी'. त्या 'बंदी'त शस्त्रक्रिया आहेच, पण १९७६ नंतर लोकांच्या कानांना त्यात पोलिसांची गाडीही ऐकू येऊ लागली.

सुरुवातीची वर्षं तशी सौम्य होती. लाल त्रिकोण भिंतीभिंतींवर दिसू लागला. १९६८ साली 'निरोध' बाजारात आला, तीन नग १५ पैशांना. चहा, साबण, सिगारेट विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांची वितरणयंत्रणा त्यासाठी वापरली गेली आणि तो पानाच्या टपरीपर्यंत पोचला.

दबाव वाढवणारी कारणं देशात होती तशी परदेशातही होती. १९६५-६६ मध्ये पाऊस दोनदा रुसला. देश अमेरिकेच्या गव्हावर जगत होता आणि अध्यक्ष लिंडन जॉन्सन तो गहू हात आखडता ठेवून सोडत होते. लोकसंख्या रोखण्यावर खर्च केलेले पाच डॉलर हे आर्थिक विकासात घातलेल्या शंभर डॉलरच्या तोलाचे आहेत, असं ते १९६५ मध्ये जाहीरपणे म्हणाले होते.

१९६८ साली अमेरिकन जीवशास्त्रज्ञ पॉल एर्लिक यांचं 'द पॉप्युलेशन बॉम्ब' आलं. लाखो प्रती खपल्या. त्याची सुरुवात दिल्लीत होते. उकाड्याच्या रात्री एर्लिक कुटुंब टॅक्सीतून हॉटेलकडे चाललं आहे, बाहेर माणसंच माणसं आणि आत बसलेल्यांना भीती. त्या वेळी दिल्लीची लोकसंख्या सुमारे २८ लाख होती आणि पॅरिस महानगराची सुमारे ८० लाख. पॅरिसच्या गर्दीला घाबरून कुणी पुस्तक लिहिलं नाही. एर्लिकना दिल्लीत जे दिसलं त्यात संख्येपेक्षा गरिबीचा वाटा मोठा होता.

१९७० च्या दशकात कोट्यवधी माणसं भुकेने मरतील, असं त्या पुस्तकाचं भाकीत होतं.

एक विधानसभा, दोन कायदे

त्या भाकिताची परीक्षा आपल्याच अंगणात झाली. १९७२ चा दुष्काळ घरातल्या जुन्या माणसांना विचारा. मिलो ज्वारी, कामावर मिळणारी सुकडी, खडी फोडायची कामं, पाझर तलाव, हे सगळं ती सांगतील. राज्याची लोकसंख्या तेव्हा ५ कोटींच्या वर होती आणि पिकं सलग गेली होती. माल्थसच्या हिशेबाने १८७७ हून भयंकर काहीतरी घडायला हवं होतं.

हाल झाले, गुरं मेली, गावं उठून शहरांकडे गेली. पण माणसं १८७७ सारखी रस्त्याकडेला मेली नाहीत. कारण सरकारने मोठ्या प्रमाणावर कामं काढली. १९७३ च्या उन्हाळ्यात, कामं ऐन भरात असताना, जवळपास ५० लाख माणसं त्यांवर होती. हातात मजुरी आली की बाजारात धान्य येतं, कारण विकत घेणारा असतो. अमर्त्य सेन आणि ज्याँ द्रेझ यांनी दुष्काळावर लिहिताना महाराष्ट्राचं हे उदाहरण जगापुढे ठेवलं. माणसं मरतात ती 'फार' झाल्यामुळे नाही, अन्न विकत घेण्याची ताकद गेल्यामुळे, हा त्याचा अर्थ.

आता मुद्द्याची गोष्ट. १९७२ साली निवडून आलेली महाराष्ट्राची विधानसभा १९७८ पर्यंत टिकली. या एका विधानसभेने लागोपाठच्या दोन वर्षांत दोन विधेयकं मंजूर केली.

पहिलं १९७६ चं, कुटुंबाच्या आकारावर मर्यादा घालणारं. तीन मुलं असलेल्या जोडप्यातल्या एकाने नसबंदी करून घेणं सक्तीचं; नाही केली तर तुरुंग. देशात सक्तीच्या नसबंदीचं असं विधेयक मंजूर करणारं हे पहिलं राज्य. राष्ट्रपतींची संमती मात्र मिळाली नाही आणि आणीबाणी उठल्यावर ते बारगळलं.

दुसरं १९७७ चं, रोजगार हमीचं. वि. स. पागे यांनी रुजवलेली कल्पना आता कायद्यात आली. ग्रामीण भागात अंगमेहनत करायला तयार असलेला कुणीही प्रौढ काम मागेल आणि सरकारला ते द्यावं लागेल. टेंपलच्या एक पौंडाला तेव्हा बरोबर शंभर वर्षं झाली होती.

तेच आमदार, तेच सभागृह आणि तोच गरीब माणूस. पहिल्या विधेयकात तो खाणारं तोंड आहे आणि ती तोंडं कमी करायची आहेत. दुसऱ्यात तो राबणारा हात आहे आणि त्याला काम द्यायचं आहे. पुढे २००५ चा केंद्राचा रोजगार हमी कायदा झाला तेव्हा महाराष्ट्राच्या याच कायद्याचा दाखला दिला गेला. नसबंदीच्या विधेयकाची आठवण मात्र कुणी काढत नाही.

वर्ष ७६

ती काढायला हवी. १९७४ मध्ये बुखारेस्टच्या जागतिक परिषदेत भारताचे आरोग्यमंत्री करणसिंग यांनी 'विकास हेच सर्वोत्तम गर्भनिरोधक' अशी भूमिका घेतली होती. दोनच वर्षांत, एप्रिल १९७६ मध्ये, त्याच मंत्र्यांनी मांडलेल्या लोकसंख्या धोरणाने राज्यांना सक्तीचे कायदे करायला वाट मोकळी करून दिली. विकासाची वाट पाहायला आता वेळ नाही, असं त्यामागचं समर्थन.

शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक यांना 'केसेस' आणायची उद्दिष्टं ठरवून देण्यात आली. उद्दिष्ट पुरं झालं नाही तर पगार अडकायचा. रेशन कार्ड, कर्ज, परवाना, घराचा गाळा, कशासाठीही नसबंदीचा दाखला मागितला जाऊ लागला. हरियाणातल्या उटावर गावाला पोलिसांनी वेढा घातला. मुझफ्फरनगरमध्ये गोळीबार झाला. आदल्या वर्षी देशात २६ लाखांच्या आसपास शस्त्रक्रिया झाल्या होत्या. १९७६-७७ या एका वर्षात ८० लाखांहून जास्त झाल्या आणि त्यांत पुरुष बहुसंख्य होते. शाह आयोगाने नंतर १,७७४ मृत्यूंची आणि अविवाहितांवर शस्त्रक्रिया झाल्याच्या ५४८ तक्रारींची नोंद केली.

यात पकडलं गेलं कोण? ज्याला रेशनची गरज होती तो. ज्याची झोपडी तोडता येत होती तो. ज्याची ओळख नव्हती तो. 'लोकसंख्या' हा शब्द सगळ्यांना धरून असतो, नसबंदीची गाडी मात्र ठरावीक वस्त्यांतच शिरते.

१९७७ मध्ये सरकार पडलं. खात्याचं नाव बदलून 'कुटुंबकल्याण' झालं. पण राज्यकर्त्यांनी यातून जो धडा घेतला तो विचित्र होता. 'विचारल्याशिवाय कुणाच्या शरीराला हात लावू नये' हा तो धडा नव्हता. 'पुरुषांना हात लावू नये' एवढाच होता. १९८० नंतर सगळा भार बायकांवर आला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत स्त्री-नसबंदीचं प्रमाण जवळपास ३८ टक्के आहे आणि पुरुष-नसबंदीचं ०.३ टक्के. पुरुषांची शस्त्रक्रिया सोपी, कमी जोखमीची आणि कमी वेळाची आहे, तरीही. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात काही तासांत ८३ बायकांवर शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यानंतर १३ जणी मेल्या. अशी शिबिरं बंद करा, हा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश यायला २०१६ उजाडलं.

मग आकडा उतरला कसा?

कारण उतरला आहे, हे नक्की. १९५० च्या दशकात भारतातल्या एका बाईला सरासरी सहाच्या आसपास मुलं होत. १९९२-९३ च्या पाहणीत हा आकडा ३.४ होता. २०१९-२१ मध्ये तो २.० वर आला. महाराष्ट्रात १.७. लोकसंख्या स्थिर राहायला २.१ लागतो. म्हणजे ज्या 'स्फोटा'चे फॉरवर्ड अजून आपल्या फोनवर येतात, त्याची वात केव्हाच विझत आली आहे.

मग एकूण लोकसंख्या अजून वाढते कशी? भरधाव लोकलला ब्रेक लावला तरी ती जागच्या जागी थांबत नाही, तसंच हे. आधीच्या दशकांत जन्मलेली मुलं आता आईबाप होण्याच्या वयात आहेत. त्यांनी दोन-दोनच मुलं होऊ दिली तरी काही वर्षं जन्म मृत्यूंपेक्षा जास्त राहणार.

आणि मुळात वाढ झाली कशामुळे? लोक अचानक जास्त मुलं जन्माला घालू लागले म्हणून नाही. मुलं मरेनाशी झाली म्हणून. स्वातंत्र्याच्या सुमारास जन्मलेल्या हजार मुलांपैकी जवळपास दीडशे वर्षाच्या आत दगावत. २०२० मध्ये हा आकडा २८ झाला. लस, स्वच्छ पाणी, देवी-हिवतापाला आळा यांचं हे यश आहे. 'लोकसंख्येची समस्या' हे या यशाचंच दुसरं नाव.

पहिल्या पिढीला मात्र याचा भरवसा वाटत नाही. दोन जातील म्हणून ती पाच होऊ देते. सगळीच जगतात हे दिसलं, की पुढची पिढी आपोआप हात आवरते. त्यात मुलगी शाळेत टिकली, लग्न चार-पाच वर्षं लांबलं, गावात दवाखाना आला, म्हातारपणी मुलाशिवाय दुसरा आधार दिसू लागला, की आकडा झपाट्याने खाली येतो. केरळमध्ये तो १९८० च्या दशकाच्या अखेरीसच २.१ च्या पातळीला आला. त्यासाठी कुणाच्या दारात पोलीस गेले नाहीत. मुली शाळेत गेल्या आणि बाळं जगली. चीनचं उदाहरण नेहमी उलट बाजूने दिलं जातं. पण चीनमध्ये १९७० च्या सुमारास पाचाच्या वर असलेला आकडा एका मुलाची सक्ती येण्याआधीच, १९७९ पर्यंत, तीनाच्या खाली उतरला होता.

एका धर्माची माणसं दुसऱ्याला 'मागे टाकणार' हा जो फॉरवर्ड फिरतो, तोही या पाहण्यांत टिकत नाही. १९९२-९३ मध्ये मुस्लिम स्त्रियांचा जननदर ४.४ होता, २०१९-२१ मध्ये २.४ झाला; हिंदू स्त्रियांचा ३.३ वरून १.९. दोघींमधलं अंतर निम्म्याहून कमी झालं. बिहारमधल्या हिंदू बाईला सरासरीने केरळमधल्या मुस्लिम बाईपेक्षा जास्त मुलं होतात. फरक शाळेचा आणि दवाखान्याचा आहे.

यावर एक रास्त शंका उरते. एर्लिक भुकेबद्दल चुकले, पण पृथ्वीच्या मर्यादेबद्दल? १९८० साली अर्थतज्ज्ञ ज्युलियन सायमन यांनी त्यांच्याशी पाच धातूंच्या किमतीवर पैज लावली. दहा वर्षांनी किमती उतरल्या आणि एर्लिकना चेक पाठवावा लागला. मात्र दुसरी एखादी दहा वर्षं निवडली असती तर बहुतेकदा एर्लिकच जिंकले असते, असं पुढे अभ्यासकांनी दाखवलं. मर्यादा आहेतच. प्रश्न इतकाच, की त्या ओलांडतंय कोण? सरासरी अमेरिकन माणूस वर्षाला सरासरी भारतीयाच्या कितीतरी पट कार्बन हवेत सोडतो. भारतातही विमानाने फिरणाऱ्याचा आणि उसाच्या फडात राबणाऱ्याचा हिशेब एक नाही. हवामानाचं ओझं डोकी मोजून वाटलं, की ते अलगद तिसऱ्याच माणसाच्या डोक्यावर जातं.

आता उलटा गजर

१५ नोव्हेंबर २०२२ ला जगाची लोकसंख्या ८०० कोटी झाली. तिच्या वाढीचा वेग १९६० च्या दशकात सगळ्यात जास्त, वर्षाला दोन टक्क्यांच्या वर होता. आता तो एका टक्क्याच्याही खाली आहे. १९८० च्या... नव्हे, येत्या २०८० च्या दशकात ही संख्या कळसाला पोचेल आणि मग उतरू लागेल, असा संयुक्त राष्ट्रांचा २०२४ चा अंदाज आहे. दक्षिण कोरियात २०२३ मध्ये जननदर ०.७२ होता.

त्यामुळे भीतीनेही तोंड फिरवलं आहे. महाराष्ट्रात आजही १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालेल्याला ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. आंध्र प्रदेशने असाच नियम २०२४ मध्ये रद्द केला आणि तिथले मुख्यमंत्री जास्त मुलं होऊ द्या असं सांगू लागले. त्यामागे लोकसभेच्या जागांचा हिशेबही आहे. आणीबाणीत जागांची वाटणी १९७१ च्या जनगणनेवर गोठवली गेली; ती उठली तर कमी मुलं होऊ दिलेल्या राज्यांचं वजन घटेल, ही दक्षिणेची काळजी.

'मुलं वाढवा' हे ऐकायला 'नसबंदी करा'पेक्षा गोड वाटतं. पण रुमानियात १९६६ साली चाउसेस्कूने जन्म वाढवण्यासाठी गर्भपातावर बंदी आणली. चोरून केलेल्या गर्भपातांत हजारो बायका मेल्या आणि नको असलेली मुलं अनाथालयांत भरली गेली. आपल्याकडच्या १९७६ मध्ये आणि त्यांच्या १९६६ मध्ये दिशा उलटी होती, पण बाईला कुणी विचारलं नाही हे दोन्हीकडे सारखंच.

१९९४ मध्ये कैरोच्या परिषदेत १७९ देशांनी मान्य केलं, की आधी माणसाचा हक्क, आकडा नंतर. भारताने १९९६ मध्ये वरून लादलेली उद्दिष्टं काढून टाकली. कर्वे हेच सत्तर वर्षं आधी मुंबईत सांगत होते आणि दंड भरत होते.

काम अजून संपलेलं नाही. २०१९-२१ च्या पाहणीत सुमारे ९ टक्के विवाहित स्त्रिया अशा आहेत, ज्यांना मूल नको आहे किंवा इतक्यात नको आहे, पण त्यांच्यापर्यंत साधन पोचलेलं नाही. 'समाजस्वास्थ्य'ला शंका विचारणारे वाचक याच अडचणीत होते. दुसरीकडे शहरात एक मूल झाल्यावर दुसरं हवं असूनही थांबणारी जोडपी आहेत, कारण घरभाडं, पाळणाघर आणि बाळंतपणाच्या रजेनंतर नोकरी टिकेल का ही धास्ती. या दोघींपैकी एकीलाही देशाच्या लोकसंख्येवरचं भाषण नको आहे. एकीला दवाखाना हवा आहे आणि दुसरीला पाळणाघर.